आरव्हीत कायमचं राहायला निघताना: मैदानांतून ब्लॅक हिल्सपर्यंत, कामांच्या योग्य क्रमाने

मुलं मार्गी लागली, नोकरी संपली किंवा घरबसल्या करता येऊ लागली, की अमेरिकेतली अनेक मराठी जोडपी घर विकून आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायचा विचार करतात. विचार चांगला आहे, चुकतो तो क्रम. आधी ट्रेलर घेतला जातो आणि मग तो ओढणारा ट्रक शोधला जातो. घर विकून झाल्यावर टपालाचा पत्ता आठवतो. कस्टर स्टेट पार्कमधली जागा जूनमध्ये शोधायला घेतात, आणि नीडल्स हायवेवरच्या बोगद्याची रुंदी बोगद्याच्या तोंडाशी गेल्यावर कळते. कामं नीट क्रमाने केली तर यातली एकही अडचण येत नाही.

लेख एकाच प्रदेशाचा आहे: सू फॉल्स किंवा ओमाहापासून पश्चिमेकडे, मिसूरी नदी ओलांडून बॅडलँड्स, ब्लॅक हिल्स आणि डेव्हिल्स टॉवर. दोन माणसं, एक पिकअप ट्रक आणि मागे २४ ते ३० फुटांचा ट्रेलर धरला आहे. मोटरहोम, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेलं घर, घेणार असाल तर मागे एक छोटी गाडी ओढून न्यावी लागेल. त्याचं कारण आठव्या टप्प्यात येईल. सगळ्या टप्प्यांमागे धोरण एकच आहे. घर कमीत कमी वेळा हलवायचं, आणि भटकायचं ते घर कॅम्पमध्ये उभं करून.

## १. वजनाचं गणित: ट्रेलर बघायला जाण्याआधी

विक्रेता ट्रकची ओढण्याची क्षमता सांगतो: नऊ हजार, दहा हजार पाउंड. तो आकडा खरा असतो, पण घोळ तिथे होत नाही. घोळ होतो ट्रकच्या अंगावर पडणाऱ्या भारात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती पाउंड, हे त्यावर छापलेलं असतं. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांचे आकडे वेगळे असू शकतात, म्हणून माहितीपत्रकावर विसंबू नका. जो ट्रक घेणार, त्याचंच दार उघडून आकडा लिहून घ्या.

आता हिशेब करा. ट्रेलरचं भरलेलं कमाल वजन ७,५०० पाउंड असेल, तर त्यातलं साधारण १० ते १५ टक्के वजन पुढच्या दांड्यातून ट्रकवर येतं. ९५० पाउंड धरू. दोन माणसांचे ३२०, ट्रकच्या मागे ठेवलेली हत्यारं, खुर्च्या, जनरेटर मिळून २००, आणि वजन विभागणाऱ्या हिचचे, म्हणजे ट्रक-ट्रेलर जोडणाऱ्या सांध्याचे, १००. बेरीज १,५७० पाउंड. दारावरचा आकडा १,५०० असेल, तर ओढायची क्षमता दहा हजार असूनही हा ट्रक या ट्रेलरला कमी पडला. ट्रेलर आवडला म्हणून ही बेरीज वाकवू नका. मोठा ट्रक घ्या, नाहीतर छोटा ट्रेलर.

गणित नेहमी कमाल वजनावर करायचं, रिकाम्या ट्रेलरच्या वजनावर कधीच नाही. कायमचं राहणारी माणसं ट्रेलर भरतातच. एक गॅलन पाणी ८.३ पाउंडांचं असतं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की तीनशे तीस पाउंड तिथेच गेले. त्यात तांदळाची पोती, डाळी, स्टीलची भांडी आली.

फिफ्थ व्हीलचा, म्हणजे ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरचा, विचार असेल तर ट्रकवर येणारा भार २० टक्क्यांच्या आसपास धरा. बहुतेकदा त्यासाठी वरच्या वर्गातला ट्रक लागतो. लांबीबद्दल माझं मत ठाम आहे: तीस फुटांच्या पुढे जाऊ नका. सरकारी उद्यानांमधल्या जुन्या जागा आखूड आहेत, आणि बघण्यासारख्या ठिकाणांजवळ त्याच असतात.

तपासा: सगळं सामान भरून, पाण्याची टाकी भरून, दोघं आत बसून मोठ्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्यावर, जा. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस, अशी तीन वजनं एका कागदावर मिळतात. दुसऱ्यांदा ट्रेलर सोडून फक्त ट्रक तोला, म्हणजे ट्रेलरने ट्रकवर किती भार टाकलाय ते कळेल. तो १० टक्क्यांच्या खाली आला तर ट्रेलर डोलणार. सामान पुढे सरकवा आणि पुन्हा तोला.

## २. पत्ता, व्हिसा आणि विमा: घर विकण्याआधी

घर गेलं की पत्ता जातो, आणि पत्त्याबरोबर लायसन्स, गाडीची नोंदणी, बँक, कर, आरोग्यविमा सगळंच लोंबकळतं. म्हणून कायम फिरणारे लोक एखाद्या राज्याचे अधिकृत रहिवासी होतात आणि तिथल्या टपाल सेवेचा पत्ता घेतात. टेक्सस, फ्लोरिडा आणि साउथ डकोटा या तिन्ही राज्यांत पगारावर राज्याचा आयकर नाही. यांत साउथ डकोटा आपल्या मार्गावरच पडतं. तिथे टपाल सेवेचा पत्ता घ्यायचा, राज्यात एक रात्र मुक्काम करायचा, त्या मुक्कामाची तुमच्या नावाची पावती जपायची आणि लायसन्ससाठी जायचं. मतदार नोंदणीचा नियम मात्र वेगळा आहे. तिथे एका रात्रीवर भागत नाही. निघायच्या आठवड्यात राज्याच्या संकेतस्थळावर कागदपत्रांची यादी पुन्हा बघून घ्या.

आता खास आपल्या लोकांसाठी, कारण इथे चूक महाग पडते.

अमेरिकेचं नागरिकत्व नसेल, ग्रीन कार्ड असलं तरी, पत्ता बदलल्यावर १० दिवसांत एआर-११ अर्जाने इमिग्रेशन खात्याला कळवावं लागतं. एच-वन-बीवर असाल तर प्रश्न आणखी नाजूक आहे. तो व्हिसा कामाच्या ठिकाणाशी बांधलेला असतो, आणि ठिकाण दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेलं की कंपनीला सुधारित अर्ज भरावा लागतो. "रिमोट नोकरी आहे, कुठूनही करू" हे एच-वन-बीला लागू नाही. कंपनीच्या वकिलाचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत घर विकायला काढू नका.

विम्याचं सांगायचं तर, साधी आरव्ही पॉलिसी सुट्टीतल्या वापरासाठी असते. तुम्ही त्यातच राहताय हे लपवलं आणि दावा करायची वेळ आली, तर कंपनी हात वर करू शकते. कायम राहणाऱ्यांसाठीची पॉलिसी मागा. घराच्या विम्यात असतं तसं दायित्व आणि सामानाचं संरक्षण त्यात मिळतं. गारपिटीचं नुकसान त्यात आहे ना, हे शब्दशः वाचा. मैदानात गारा पडतातच.

पासष्टीच्या पुढच्यांनी आणखी एक बघावं. मूळ मेडिकेअर देशभर चालतं, पण मेडिकेअर अॅडव्हांटेज योजना बहुधा एका भागातल्या डॉक्टरांपुरत्या असतात. पासष्टीच्या आत असाल तर नव्या राज्यातला आरोग्यविमा त्या राज्याबाहेर काय देतो, हे पत्ता बदलायच्या आधी विचारा.

सावधान: जुन्या राज्यात घर, लायसन्स, डॉक्टर, गाडी असं बरंच काही ठेवून फक्त टपालाचा पत्ता हलवलात, तर जुनं राज्य कर मागू शकतं. तोडायचं ते सगळं एका वर्षात तोडा.

## ३. स्वयंपाकघर आणि वीज

बहुतेक मध्यम ट्रेलर ३० अँपियरचे असतात: १२० व्होल्ट, म्हणजे एका वेळी फार तर ३,६०० वॅट. एसी १३ ते १५ अँपियर घेतो, १,८०० वॅटची इंडक्शन शेगडी पूर्ण जोरावर १५, पाणी तापवायची विजेची कॉइल १२, मायक्रोवेव्ह जवळपास तेवढंच. एसी आणि इंडक्शन एकत्र लावलं की सगळं संपलं. त्यामुळे स्वयंपाकाच्या अर्ध्या तासात एसी बंद, किंवा गॅस वापरायचा. हा नियम पहिल्याच दिवशी ठरवून टाका, नाहीतर जुलैच्या दुपारी ब्रेकर पडत राहील.

भारतातून आणलेला मिक्सर २३० व्होल्टचा असतो. तो इथे कामाचा नाही. ट्रान्सफॉर्मरचं वजन वागवण्यापेक्षा ११० व्होल्टचा मिक्सर घ्या. कुकर एकच ठेवा. फोडणीने धुराचा अलार्म वाजतो, म्हणून बरेच जण त्याची बॅटरी काढून ठेवतात. तसं अजिबात करू नका. छताची खिडकी आणि पंखा आधी सुरू करा, किंवा फोडणीचं काम बाहेरच्या छोट्या शेगडीवर करा. धूर, प्रोपेन आणि कार्बन मोनॉक्साइड, तिन्ही अलार्मांच्या मागे मुदत छापलेली असते. जुना ट्रेलर घेतला असेल तर ती आजच बघा.

## ४. सराव: घराजवळ, मोकळ्या मैदानात

रविवारी सकाळी रिकामा पार्किंग लॉट शोधा. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. ट्रेलरचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा, त्या बाजूला हात न्या. एक जण चालवणार आणि दुसरा खाली उतरून सांगणार. खालच्या माणसाने नेहमी ड्रायव्हरच्या आरशात दिसेल अशा जागी उभं राहायचं, आणि ड्रायव्हरने "थांब" हा शब्द ऐकला की काही न विचारता ब्रेक दाबायचा. मग भूमिका बदला. दोघांनाही चालवता आलं पाहिजे. एकाची पाठ धरली तर घर रस्त्यात अडकून राहतं.

त्यानंतर जवळच्या कॅम्पग्राउंडवर आठवडाभर राहा. काय विसरलं आणि काय उगाच भरलं, हे इथेच कळू द्या.

## ५. महिने, मुक्काम आणि आरक्षण

मेअखेर ते सप्टेंबरचा शेवट हा काळ धरा. मे-जूनमध्ये गवत हिरवं असतं, पण वादळं जोरात असतात. जुलै-ऑगस्ट गरम आणि गर्दीचे. माझ्या मते सप्टेंबर सगळ्यात चांगला: शाळा सुरू झालेल्या असतात, वादळं कमी झालेली असतात, रात्री गार असतात.

ऑगस्टच्या सुरुवातीला स्टर्जिस गावात मोटरसायकलींचा मेळा भरतो. त्या दिवसांत ब्लॅक हिल्समधले कॅम्पग्राउंड भरतात, दर चढतात आणि रस्ते मोटरसायकलींनी वाहतात. तो पंधरवडा नेब्रास्कात काढा. कस्टर स्टेट पार्कच्या जागांचं आरक्षण वर्षभर आधी उघडतं, आणि चांगल्या जागा तेव्हाच जातात. म्हणून आधी कस्टरच्या तारखा मिळवायच्या आणि बाकीचा मार्ग त्यांच्याभोवती बसवायचा. बहुतेक जण सुरुवातीच्या गावापासून आरक्षण करत येतात आणि कस्टरपर्यंत पोहोचतात तेव्हा काही उरलेलं नसतं. सप्टेंबरच्या शेवटी तिथे बायसनचे कळप हाकून आणतात. तो सोहळा बघायचा असेल तर आणखी लवकर हालचाल करा.

मार्ग साधा आहे. आय-९० ने सू फॉल्स ते चेंबरलेन सुमारे १४० मैल. तिथे मिसूरीच्या काठी दोन-तीन रात्री थांबा. चेंबरलेन ते वॉल साधारण १५० मैल. बॅडलँड्ससाठी वॉल किंवा इंटीरियर गावात तळ ठोका. मग ब्लॅक हिल्समध्ये कस्टर किंवा हिल सिटी, निदान दहा दिवस. शेवटी डेव्हिल्स टॉवर. परतताना नेब्रास्कातून शॅड्रन, स्कॉट्सब्लफ आणि हायवे २ ने सँडहिल्समधून या. तो रस्ता संथ आहे आणि वाहतूक विरळ.

एका दिवसात दोनशे-अडीचशे मैलांपेक्षा जास्त नाही, आणि दुपारी तीनच्या आत मुक्कामी. उशिरा पोहोचणारा माणूस दमलेला असतो, अंधारात मागे घेतो आणि झाडाच्या फांदीने छत फाडून घेतो.

तपासा: आय-९० वर पश्चिमेकडे जाताना मर्डो ओलांडल्यावर घड्याळ एक तास मागे जातं. ब्लॅक हिल्समधल्या गुहांच्या तिकिटाची वेळ आणि कॅम्पग्राउंडच्या ऑफिसची वेळ कोणत्या घड्याळाची, हे लिहून ठेवा.

सावधान: साउथ डकोटा आणि वायोमिंगच्या पंपांवर सर्वांत स्वस्त बटण बहुधा ८५ ऑक्टेनचं असतं. तुमच्या इंजिनाला ८७ लागत असेल तर ८७ चंच बटण दाबा. टाकी अर्ध्यावर आली की भरा. सँडहिल्समध्ये पुढचा पंप लांब असतो. पंपावर शिरण्याआधी प्रोपेनवर चालणारा फ्रिज आणि गीझर बंद करा.

बासष्टीच्या पुढे वय आणि नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असेल, तर राष्ट्रीय उद्यानांचा ८० डॉलरचा आजीवन ज्येष्ठ पास घ्या. केंद्र सरकारच्या अनेक कॅम्पग्राउंडवर त्याने भाडं निम्मं होतं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना तो स्वतःच्या नावाने मिळत नाही.

## ६. मैदानातला दिवस: वारा, गारा, टॉर्नेडो

या टप्प्यावर सगळ्यांत जास्त वेळ द्या. घाटात माणूस आपोआप जपून चालवतो. मैदानात रस्ता सरळ, गाड्या कमी, वेगमर्यादा ताशी ८० मैल. तिथे सावधपणा सुटतो. ट्रेलरची बाजू ही तीस फूट लांब आणि दहा-अकरा फूट उंच भिंत असते, आणि नेब्रास्का-डकोटात तिला अडवायला झाड नाही.

आधी टायर. ट्रेलरच्या अनेक टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते. रस्त्याची ८० असली तरी तुम्ही साठ-बासष्टवर राहा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसो, सहा-सात वर्षांचा टायर बदला. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा, आणि प्रत्येक चाकाचा दाब दाखवणारं यंत्र बसवा. चाक काढून बसवलं असेल तर पहिल्या पन्नास ते शंभर मैलांनंतर नट पुन्हा आवळा.

मग वारा. तो सहसा दुपारी वाढतो, म्हणून सकाळी लवकर निघा. निघण्याआधी तासागणिक अंदाज बघताना वेगापेक्षा झोताचा आकडा आणि दिशा बघा. आडवे झोत ताशी ३५ मैलांच्या पुढे असतील तर मी निघू नका म्हणेन. एक रात्र जास्त राहा. वायोमिंगमध्ये जोराच्या वाऱ्यात हलक्या आणि उंच गाड्यांना महामार्ग बंद करतात. तुमचा ट्रेलर त्यातच मोडतो.

ट्रेलर डोलायला लागला तर ट्रकचा ब्रेक जोरात दाबायचा नाही आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. पाय अॅक्सिलरेटरवरून उचला, स्टिअरिंग सरळ धरा, आणि ट्रेलरच्या ब्रेकचा हाताने चालणारा दट्ट्या हळूहळू दाबा. ट्रेलर मागे खेचतो आणि ओळीत येतो. हा दट्ट्या कुठे आहे हे दोघांनाही डोळे मिटून सापडलं पाहिजे. रोज सकाळी कॅम्पमधून बाहेर पडताना तो एकदा दाबून बघा.

आता वादळं. "वॉच" म्हणजे परिस्थिती तयार आहे. "वॉर्निंग" म्हणजे टॉर्नेडो दिसलाय किंवा रडारवर आलाय, लगेच हला. अमेरिकेत हे इशारे काउंटीच्या नावाने सांगतात. फिरणाऱ्या माणसाला गावाचं नाव माहीत असतं, काउंटीचं नसतं, आणि रेडिओवर "पेनिंग्टन काउंटी" ऐकून तो आपल्यासाठी आहे हे त्याला कळत नाही. प्रत्येक मुक्कामी पोहोचल्यावर काउंटीचं नाव आणि तिच्या पश्चिमेच्या काउंटीचं नाव कागदावर लिहून दाराला चिकटवा. वादळं बहुधा पश्चिमेकडून येतात. बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ घ्या, कारण फोनला सिग्नल नसेल तिथेच त्याची गरज पडते.

सावधान: ट्रेलर हा टॉर्नेडोतला निवारा नाही. मोटरहोमही नाही. कॅम्पग्राउंडवर गेल्या गेल्या निवारा कोणता हे विचारा. बहुधा पक्क्या भिंतींचं स्नानगृह असतं. औषधं, पासपोर्ट, ग्रीन कार्ड, पाणी आणि बूट एका पिशवीत दाराशी ठेवा. रस्त्यात असाल तर पुलाखाली थांबू नका. तिथे वारा आणखी जोरात घुसतो.

गारा किंवा वाऱ्याचा अंदाज असेल तर बाजूची कापडी पडवी गुंडाळा आणि ट्रेलरच्या भिंतीतून बाहेर सरकणारे भाग आत घ्या. वीज कडाडायला लागण्याआधी खांबावरचा विजेचा प्लग काढा. आणि रात्री पडवी उघडी ठेवून कधीही झोपू नका, आकाश कितीही निरभ्र असो.

## ७. पोहोचल्यावर आणि निघताना: क्रम बदलू नका

पोहोचल्यावर:

१. खाली उतरून जागा चालत बघा. वर फांद्या, खाली दगड, विजेचा खांब आणि नळ कोणत्या बाजूला.

२. मागे घ्या. ट्रेलर ट्रकला जोडलेला असतानाच डावी-उजवी पातळी करा, खालच्या बाजूच्या चाकाखाली ठोकळे घालून.

३. चाकांना दोन्ही बाजूंनी पुढून-मागून अडथळे लावा. हे झाल्याशिवाय ट्रक सोडायचा नाही.

४. ट्रक सोडा, मग पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी करा, आणि चारही कोपऱ्यांचे आधार टेकवा. हे आधार हलणं थांबवायला असतात, ट्रेलर उचलायला नाही. त्यांनी उचललात तर सांगाडा वाकतो.

५. वीज: खांबावरचा ब्रेकर बंद, मग विजेची चूक ओळखणारं संरक्षक यंत्र लावा, ब्रेकर चालू करून त्याचा आकडा बघा. ठीक असेल तर ब्रेकर पुन्हा बंद करून ट्रेलरची केबल जोडा आणि मग चालू करा.

६. पाणी: नळ थोडा वाहू द्या. दाब कमी करणारा नियंत्रक नळाला लावायचा, पाइपच्या ट्रेलरकडच्या टोकाला नाही. नाहीतर पाइप फुटतो. ४० ते ६० पीएसआय पुरेसे.

७. सांडपाण्याचा पाइप आणि शेवटी सरकते भाग.

निघताना बहुतेक हेच उलट करायचं, आणि घाई होते ती इथेच. हिचचा दांडा बसवल्यावर पिन घाला आणि पुढच्या जॅकने ट्रेलर दोन इंच वर उचला. ट्रकचा मागचा भाग सोबत उचलला गेला तरच कुलूप नीट बसलंय. साखळ्या एकमेकींवर तिरक्या, तुटल्यास ब्रेक लावणारी तार वेगळी अडकवलेली, दिवे तपासलेले. चाकांचे अडथळे सगळ्यांत शेवटी काढा.

तपासा: वीस फूट पुढे जाऊन थांबा आणि दोघंही उतरून रिकामी जागा बघा. विसरलेला पाइप, उघडं झाकण, वर राहिलेला अँटेना इथे सापडतो.

## टाक्यांबद्दल थोडं

शौचालयाच्या टाकीची झडप हूकअप (जागेवरच वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी) असला तरी बंदच ठेवायची. उघडी ठेवली की पाणी वाहून जातं, घन भाग तळाशी साचून दगडासारखा होतो, आणि टाकी निकामी होते. दोन तृतीयांश भरली की आधी ती रिकामी करायची, मग स्नान-स्वयंपाकाची. दुसरीच्या पाण्याने पाइप धुतला जातो. नंतर शौचालयातून काही गॅलन पाणी आत सोडा. आपल्याला धुवायची सवय असते आणि टाकीला ती मानवते, पाणी भरपूर जातं. फक्त टाकी लवकर भरते, हे गणितात धरा.

खरकटं, आमटीचा तवंग, भाताची पेज सिंकमध्ये सोडू नका. ताटं कागदाने पुसून मग धुवा. हे न केल्याने स्वयंपाकाच्या टाकीला जो वास येतो तो कुठल्याही औषधाने जात नाही.

## ८. टेकड्यांत: ट्रेलर कॅम्पमध्ये, तुम्ही ट्रकमध्ये

नीडल्स हायवेवरचा नीडल्स आय बोगदा ८ फूट रुंद आणि ९ फूट ९ इंच उंच आहे. ट्रेलर आठ-साडेआठ फूट रुंद आणि साधारण अकरा फूट उंच असतो. आयर्न माउंटन रोडवर १७ मैलांत ३१४ वळणं, १४ हेअरपिन वळणं, तीन बोगदे आणि स्वतःवरूनच वळसा घेणारे लाकडी पूल आहेत. स्कॉट्सब्लफ गावाजवळच्या कड्याच्या माथ्यावर जाणाऱ्या रस्त्यालाही बोगदे आहेत आणि ट्रेलरला मनाई आहे. ट्रेलर घेऊन यातल्या कुठल्याही रस्त्याला लागू नका. मोटरहोमवाल्यांनी छोटी गाडी ओढून न्यायची ती याचसाठी. तुमचा पिकअप मागे दुहेरी चाकांचा असेल तर त्याचीही रुंदी मोजून घ्या.

साधं फोन-नकाशाचं अॅप उंची बघत नाही. एसीच्या टोकापर्यंत स्वतः टेपने उंची मोजा, ती ड्रायव्हरसमोर चिकटवा, आणि उंची-वजन विचारणारं ट्रकांसाठीचं जीपीएस वापरा. कस्टर पार्कमध्ये बऱ्याच ठिकाणी सिग्नल नसतो; नकाशे आधी उतरवून ठेवा.

आयर्न माउंटन रोड कस्टरच्या बाजूने माउंट रशमोरकडे असा चालवा. त्या दिशेने बोगद्यांतून डोंगरात कोरलेले राष्ट्राध्यक्षांचे चेहरे समोर दिसतात. सकाळी आठच्या आत निघा. वाइल्डलाइफ लूप हा कस्टर पार्कमधला प्राणी बघायचा रस्ता पहाटे किंवा संध्याकाळी. बायसनपासून निदान शंभर फूट दूर राहा. तो संथ दिसतो, पण माणसापेक्षा खूप वेगाने धावतो. विंड केव्ह आणि ज्युएल केव्हच्या फेऱ्या उन्हाळ्यात भरून जातात, तिकीट आधी काढा आणि स्वेटर न्या: विंड केव्हमध्ये साधारण १२ अंश सेल्सिअस असतं, ज्युएल केव्हमध्ये ९.

बॅडलँड्समध्ये सेज क्रीकचा फुकट कॅम्पग्राउंड कच्च्या रस्त्यावर आहे आणि १८ फुटांपेक्षा लांब आरव्हीसाठी नाही. वॉलजवळच्या बफेलो गॅप गवताळ प्रदेशात हूकअपशिवाय मुक्काम करता येतो, पण पावसाचा अंदाज असेल तर उतरू नका. तिथली माती पाऊस पडला की आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीसारखी चाकांना धरते, आणि सुकेपर्यंत कुणी सुटत नाही. उद्यानाचा दक्षिण भाग पाइन रिज या लाकोटा लोकांच्या राखीव प्रदेशात आहे. तिथे परवानगीशिवाय मुक्काम करायचा नाही.

उतारावर गिअर आधी खाली घ्या, उतार लागल्यावर नव्हे. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा. डेव्हिल्स टॉवरनंतर आणखी पश्चिमेला बिगहॉर्न पर्वत ओलांडायचा असेल, तर बर्जेस जंक्शन ते लव्हेल हा यूएस १४ए चा भाग टाळा. तिथे दहा टक्के उतार आहे. टेन स्लीपवरून जाणारा यूएस १६ निवडा. तोही ९,६६६ फुटांपर्यंत चढतो, पण उतार मानवणारा आहे.

## ९. थंडीच्या आधी

ब्लॅक हिल्समध्ये सप्टेंबरअखेर रात्री पाणी गोठू शकतं. अंदाज शून्याच्या जवळ आला की संध्याकाळी नळाचा पाइप काढून रिकामा करा, आतल्या टाकीतलं पाणी वापरा, आणि सिंकखालची कपाटं उघडी ठेवा म्हणजे हीटरची ऊब नळ्यांपर्यंत पोहोचेल. ऑक्टोबर लागला की दक्षिणेकडे निघा. त्याआधी टायरची हवा थंडीत पुन्हा मोजा. तापमान उतरलं की दाबही उतरतो.